थ्रीडी सिक्वेल अंधुक दिसला, गोष्टही कळली नाही: माझं उत्तर

तुमची पोस्ट दोनदा वाचली. ‘अवतार’चा तिसरा भाग, थ्रीडी, चौघांची तिकिटं, कडेच्या सीट. चित्र अंधुक, डोकं चढलेलं, धाकटी मध्यंतराआधीच झोपली, आणि दुसरा भाग न बघितल्यामुळे कोण कुणासाठी रडतंय ते कळेना. बाहेर येऊन सांगितलं तर थिएटरवाल्यांचं उत्तर, ‘थ्रीडी असंच असतं.’ आणि तुमचा प्रश्न: सिक्वेल थिएटरात जाऊन बघण्यात आता काही अर्थ उरलाय का?

‘थ्रीडी असंच असतं’ हे वाक्य मीही ऐकून घेतलंय, म्हणून एवढं लांब लिहितोय. तिकीट कुठे काढायचं वगैरे तुम्हाला माहीत आहे, ते सोडून देतो. आधी एक सांगतो, थ्रीडी असं नसतं.

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे चित्रात काहीतरी बिघडलंय हे पहिल्या पाच मिनिटांत जाणवूनही मी मध्यंतरापर्यंत बसून राहिलो. डाव्या डोळ्याचं चित्र उजव्याला आणि उजव्याचं डाव्याला जात होतं. मॅनेजरचं म्हणणं पडलं, ‘अर्धा पिक्चर बघून झालाय, आता परतावा नाही.’ थिएटरचं नाव लिहीत नाही. पण त्या दिवसापासून पहिल्या दहा मिनिटांत तपासल्याशिवाय मी पाठ टेकत नाही, आणि तुम्हीही टेकू नका.

तपासायचं असं. ट्रेलर बहुधा टूडीच असतात, त्यांच्यावरून काही ठरवू नका. पिक्चर सुरू झाला की चष्मा लावून एक डोळा मिटा, मग दुसरा. दोन्ही डोळ्यांना उजेड सारखाच दिसला पाहिजे. एका बाजूने काळपट दिसत असेल तर बहुतेक वेळा चष्माच खराब असतो, लगेच बदलून आणा. दोन्ही डोळे उघडे ठेवून चित्राची खोली विचित्र वाटत असेल, म्हणजे मागचा डोंगर पुढे आणि पुढचा माणूस भिंतीत रुतल्यासारखा दिसत असेल, तर चष्मा उलटा करून धरा, काड्या आपल्याकडेच आणि नाकाची खाच आकाशाकडे. उलट्या चष्म्यातून चित्र नीट दिसायला लागलं तर डावं-उजवं प्रोजेक्टरकडूनच अदलाबदल होऊन येतंय. त्याच क्षणी उठायचं. केबिनमधून दुरुस्त होणारी गोष्ट आहे, पण कुणी सांगितल्याशिवाय कुणी बघत नाही.

आता अंधुकपणाबद्दल. टूडीसाठी पडद्यावरच्या उजेडाचं प्रमाण 14 फूट-लॅम्बर्ट (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) धरतात. थ्रीडीत चष्म्यातून डोळ्यापर्यंत साडेचार ते सात पोचले तरी चाललं असं मानतात. एका प्रोजेक्टरवर डाव्या-उजव्या डोळ्याची चित्रं आळीपाळीने येतात, म्हणजे प्रत्येक डोळा निम्मा वेळ अंधारात. त्यात प्रोजेक्टरपुढचा फिल्टर प्रकाश खातो आणि उरलेला थोडा चष्मा खातो. म्हणजे सगळं ठाकठीक असतानाही थ्रीडी टूडीपेक्षा काळोखं असणारच. त्यात प्रोजेक्टरमधला झेनॉन वायूचा दिवा जुना झालेला असला की संपलंच. हा दिवा तासागणिक मंद होत जातो आणि नवा महाग असतो, त्यामुळे काही ठिकाणी तो शेवटपर्यंत ताणतात. म्हणून थ्रीडी बघायचं तर बुकिंग करताना ‘लेझर’ हा शब्द शोधा, म्हणजे दिव्याऐवजी लेझरवर चालणारा प्रोजेक्टर. लेझरचा उजेडही कमी होतो, पण खूप सावकाश.

कडेच्या सीटचंही कारण आहे. पोलराइज्ड चष्मे (प्रत्येक डोळ्याला ठरावीक दिशेचाच प्रकाश जाऊ देणारे) देणाऱ्या थिएटरात पडदा चंदेरी असतो. हा पडदा प्रकाश सगळीकडे सारखा पसरवत नाही, समोर जास्त फेकतो. मध्ये बसलेल्याला चित्र मध्यभागी झगझगीत दिसतं आणि कडेच्या माणसाला पडद्याची लांबची बाजू काळपट. त्याच ऑडीत, म्हणजे थिएटरातल्या त्याच हॉलमध्ये, टूडी शो लागला तरी पडदा तोच असतो, त्यामुळे तिथेही हा फरक राहतो. बारा रांगांची ऑडी असेल तर पडद्यापासून सातवी ते नववी रांग आणि मधल्या सहा-आठ सीट, एवढाच पट्टा मी घेतो. तो भरला असेल तर दुसरा शो. सगळ्यात मागचे रिक्लायनर सगळ्यात महाग असतात म्हणून सगळ्यात चांगले असं समजू नका. तिथे मागच्या भिंतीवरचे स्पीकर कानाजवळ येतात आणि संवाद दबतात.

एक गोष्ट मात्र बिघाड नव्हती. तुम्ही लिहिलंय की काही प्रसंग ‘टीव्ही सिरियलसारखे गुळगुळीत’ दिसले. जेम्स कॅमेरॉनने ‘अवतार’चा दुसरा आणि तिसरा भाग काही प्रसंगांत सेकंदाला 48 फ्रेम आणि बाकी ठिकाणी नेहमीच्या 24 अशा वेगाने दाखवलाय, अर्थात त्या पद्धतीचा शो असेल तर. मला स्वतःला पाण्याखाली ते आवडतं आणि बोलण्याच्या प्रसंगांत खटकतं. डोळे सरावायला वेळ लागतो.

डोकेदुखीबद्दल: मी डॉक्टर नाही. पण लेझर शोला, मधल्या सीटवर, स्वच्छ चष्म्यातूनही दर वेळी डोकं दुखत असेल तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. काही लोकांचे दोन्ही डोळे मिळून खोली ओळखत नाहीत, त्यांनी थ्रीडीवर पैसे घालवू नयेत. चष्म्यावर चष्मा लावणार असाल तर थिएटरचा चष्मा पाण्याने ओलसर केलेल्या मऊ कापडाने पुसून घ्या. पॉपकॉर्नच्या बटरचा एक ठसा तीन तास छळतो. आणि मान सरळ ठेवा, काही पद्धतींत मान तिरकी झाली की दुहेरी चित्र दिसतं.

तक्रार कशी करायची? दारावरच्या मुलाशी वाद घालू नका, त्याच्या हातात काही नसतं. ड्यूटी मॅनेजरला बोलवा. ऑडी नंबर, शोची वेळ आणि नेमकी खोट सांगा. ‘चित्र खराब आहे’ म्हणाल तर तो मान डोलावून जाईल. ‘डावा-उजवा डोळा उलटा येतोय, चष्मा उलटा धरून बघा’ म्हणाल तर त्याला आत यावंच लागतं. टूडी शो विनाकारण काळोखा वाटला तर मागे वळून प्रोजेक्टरच्या खिडकीकडे बघा. काही जुन्या प्रोजेक्टरना थ्रीडीचं जोड-भिंग असतं आणि ते काढायचं राहिलं की एकावर एक असे दोन झोत दिसतात. हे नेमकं सांगता आलं की काम होतं. दुसऱ्या शोची तिकिटं मागायची, ती मध्यंतराआधी मिळण्याची शक्यता जास्त. नाहीच ऐकलं तर तिथूनच बुकिंग नंबरसह मेल टाका, म्हणजे वेळेची नोंद राहते. पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. मी वकील नाही, पैसे परत मिळतीलच असं सांगत नाही, पण लेखी नोंद नसेल तर काहीच हातात राहत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. माझं मत ठाम आहे: सिक्वेल कशावर उभा आहे ते बघा आणि मग पैसे लावा. ‘अवतार’ चित्रावर उभा आहे. तिसऱ्या भागाची गोष्ट बरीचशी दुसऱ्याच्याच वाटेने जाते, पण राख, आग आणि समुद्र ज्या तपशिलाने उभे केलेत ते मोठ्या, उजळ पडद्यावर बघण्यासारखेच आहे. तोच उजेड गेला तर उरतं काय? असा पिक्चर एकदाच, उत्तम ठिकाणी बघावा, नाहीतर घरी बघावा. मधला स्वस्त-काळोखा थ्रीडी शो ही सगळ्यात वाईट निवड.

‘स्त्री 2’ किंवा ‘नवरा माझा नवसाचा 2’ संवादांवर आणि भरलेल्या थिएटरच्या हशावर चालतात. त्यांना साधा टूडी शो आणि आवाज नीट असलेली ऑडी पुरते, तिथे जास्तीचे पैसे घालू नका. ‘ड्यून’चा दुसरा भाग आयमॅक्ससाठी, म्हणजे जास्त उंच, मोठ्या पडद्यासाठी, आखलेला आहे, तिथे मात्र हात आखडू नका. नेहमीच्या रुंद चित्राची रुंदी उंचीच्या 2.39 पट असते, आयमॅक्सच्या डिजिटल पडद्यावर ती 1.90 पट होते, म्हणजे वर-खाली खरोखर जास्त चित्र मिळतं. मोठ्या शहरात असाल तर आवाज आणि काळ्या रंगाचा गडदपणा यासाठी पुण्यात खराडीला 2025 मध्ये सुरू झालेलं डॉल्बी सिनेमाही आहे, देशातलं पहिलं.

आधीचे भाग बघायचे की नाही, यावर लोक उगाच लांबलचक याद्या देतात. ‘अवतार’च्या तिसऱ्या भागाआधी दुसरा बघणं अत्यावश्यक, कारण जेक आणि नेतिरीचा मोठा मुलगा त्यात जातो आणि तिसरा त्या दुःखातूनच सुरू होतो. तुमचा सगळा गोंधळ तिथलाच आहे. 2009 चा पहिला एकदा कधीतरी बघितला असेल तर पुरे. ‘स्त्री 2’साठी 2018 चा ‘स्त्री’ हवा. ‘भेडिया’ न बघताही चालतं, तो पाहुणा म्हणून येतो. ‘मुंज्या’ स्वतंत्रपणे बघता येतो, आणि कोकणातली गोष्ट आदित्य सरपोतदारांनी सांगितलीय म्हणून आपल्याकडच्यांनी बघावाच. ‘वॉर 2’साठी 2019 चा ‘वॉर’ पुरतो, ‘पठाण’ आणि ‘टायगर’ची उजळणी नको. ‘भूल भुलैया 3’ला काहीच लागत नाही.

मार्व्हलचं मात्र मला पटत नाही. ‘डॉक्टर स्ट्रेंज’चा दुसरा भाग नीट कळायला ‘वांडाव्हिजन’ ही मालिका बघितलेली हवी. ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’मधलं ते काळाचं ऑफिस ‘लोकी’ मालिकेतून आलंय. तिकीट काढणाऱ्याने आधी ओटीटीचे पैसेही भरावेत ही अपेक्षा चुकीची आहे, आणि लोक कंटाळले ते यामुळेच असं मला वाटतं. उलट ‘टॉप गन: मॅव्हरिक’ बघा. त्याच्या 36 वर्षं आधीचा पहिला पिक्चर न बघितलेल्यालाही नायकाचा मित्र कसा गेला आणि त्याच्या मुलाचा राग का आहे हे आतच कळतं. सिक्वेल लिहायचा तो असा.

अर्धवट संपणाऱ्या पिक्चरपासूनही सावध राहा. स्पायडर-मॅनचा ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ 2023 मध्ये आपल्याकडे दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती. चित्र अप्रतिम, पण ऐन रंगात थांबतो. ‘कल्की 2898 एडी’चंही तसंच, गोष्ट पुढच्या भागावर ढकललेली. मुलांना आधी सांगून न्या, नाहीतर त्यांचा हिरमोड होतो.

डबिंगबद्दल थोडं. तेलुगू सिक्वेल हिंदीत बघायला हरकत नाही. अल्लू अर्जुनला ‘पुष्पा’च्या दोन्ही भागांत श्रेयस तळपदेंचा आणि ‘बाहुबली’त प्रभासला शरद केळकरांचा आवाज आहे, आणि दोघांनीही तो जीव ओतून दिलाय. बुक करताना भाषा मात्र दोनदा बघा. अ‍ॅपवर एकाच पिक्चरचे भाषा आणि फॉरमॅटप्रमाणे सहा-सात पर्याय दिसतात आणि बदली मिळणं कठीण असतं.

मुलांसाठी दोन गोष्टी. नोव्हेंबर 2024 पासून प्रमाणपत्रावर यूए 7+, यूए 13+ आणि यूए 16+ असं लिहिलेलं असतं, तिथे निर्णय पालकांचा. ए प्रमाणपत्र असेल तर अठराखालच्या मुलाला आई-बाबांबरोबरही आत सोडत नाहीत. ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ ए होता. दुसरं म्हणजे वेळेचा हिशेब. ‘अवतार’चा तिसरा भाग 197 मिनिटांचा. साडेसहाच्या शोला वीस मिनिटं जाहिराती आणि पंधरा मिनिटं मध्यंतर धरलं तर सुटायला जवळजवळ साडेदहा. सहा वर्षांचं मूल झोपणारच, त्यात तिची चूक नाही. सकाळचा शो घ्या, तो बहुधा स्वस्तही असतो. काउंटरवर तिकीट काढलं तर सुविधा शुल्क आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी वाचतो. पिण्याचं पाणी फुकट द्यायलाच हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलंय, बाटली घ्यायला लावली तर आठवण करून द्या.

तुम्ही आता असं करा. दुसरा भाग घरी बघून घ्या, दोन संध्याकाळी वाटून, म्हणजे धाकटीही बघेल. तिसरा अजून कुठे लेझरवर लागलेला असेल तर फक्त तुम्ही आणि मोठा मुलगा, मधल्या सीट मिळाल्या तरच जा. आणि तुमच्या जुन्या तिकिटावर ऑडी नंबरच्या शेजारी काय लिहिलंय ते इथे टाका. पडदा चंदेरी होता की नाही, आणि तक्रारीत नेमकं काय लिहावं, हे त्यावरून सांगता येईल.