सुरूला पाइन म्हणावं का?

प्रश्न थोडक्यात असा: अंदमानच्या सहलीचे फोटो पुण्यातल्या एका कुटुंबाच्या ग्रुपवर पडले. काकांनी किनाऱ्यावरच्या झाडांना सरसकट 'खारफुटी' ठरवलं, भाची म्हणाली 'पाइन'. बरोबर कोण?

दोघंही नाहीत. फोटोतलं उंच, झिरमिळ्यांचं झाड सुरू आहे. अलिबाग-दापोलीच्या सहलींमुळे पुणेकरांच्या तोंडी 'सुरूचं बन' असतं, पण खाली पडलेली शंकूसारखी बोंडं बघितली की पाइनच आठवतो. पारख सोपी आहे. जिला आपण सुई समजतो ती सुरूची बारीक हिरवी डहाळी. दोन्ही टोकं धरून ओढली की ती पेरावर सुटते, आणि भिंगातून पाहिलं तर पेराभोवती सहा-आठ इवल्या दातांचं कडं दिसतं. हे दात म्हणजे त्याची पानं. पाइनच्या सुईला पेरंच नसतात. जुन्या अर्थाचा आग्रह धरणारे 'सुरू म्हणजे सायप्रस' म्हणतील, म्हणजे वेगळंच एक झाड. शब्द फारसी 'सर्व'वरून आलाय आणि तिथे तो सायप्रसचाच आहे. पण आपल्याकडे किनाऱ्यावर सुरू म्हटलं की हेच झाड. माझ्या मते वाद तिथेच मिटतो.

आता खारफुटी. हे एका झाडाचं नाव नाही, खाऱ्या चिखलात, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाढणाऱ्या झाडांचा तो गोतावळा. तिवर, कांदळ, चिपी ही त्यातली मंडळी. कांदळाची आधारमुळं खोडापासून कमानी करून चिखलात उतरतात, तर तिवराची श्वासमुळं पेन्सिली रोवल्यासारखी वर येतात. यांची जागा खाजणात, खाडीकाठी. पांढऱ्या वाळूच्या पुळणीवर, जिथे काकांनी टॉवेल अंथरलाय, तिथे ती सहसा नसतात.

पुळणीमागे दिसतील ती वेगळी. उंडीचं पान चकचकीत, त्याच्या शिरा इतक्या दाट आणि समांतर की फणीने ओढल्यासारख्या; बियांचं तेल कोकणात दिव्याला जाळत. पारोसा पिंपळाचं पान पिंपळासारखं हृदयाकृती, पण फूल भेंडीच्या घरातलं: सकाळी पिवळं, संध्याकाळपर्यंत लालसर. केवड्याची आधारमुळं बघून कांदळ समजू नका, पानांच्या काटेरी कडा लगेच सांगतात. आणि मजल्यामजल्यांनी आडव्या फांद्या असलेला देशी बदाम तर कोथरूडच्या सोसायट्यांतही भेटतो. गळण्याआधी पानं लाल होतात म्हणून झाडणाऱ्या मावशींना तो चांगलाच ठाऊक.

अंदमानातल्या स्वराजद्वीपच्या (पूर्वीच्या हॅवलॉक बेटाच्या) किनाऱ्यावर वाकून उभं असलेलं जाडजूड खोडाचं झाड मात्र यातलं नाही. तिथे त्याला 'सी महुआ' म्हणतात, पण ते मोहापेक्षा चिकूला जवळचं, त्याच्याच प्रजातीतलं (genus). त्याला मराठी नाव पाडायची घाई नको, 'सागरी मोह' म्हटलं तर पुन्हा कुणीतरी फुलं वेचायला जाईल. शेवटच्या फोटोत चौकोनी, खोक्यासारखं फळ वाळूत पडलंय ते समुद्रफळाच्या नात्यातल्या झाडाचं. त्याची फुलं रात्री उमलतात आणि सकाळी खाली सडा पडतो. पुन्हा गेलात तर पहाटे बघा, आणि फळ चाखू नका, त्याने मासे गुंगवतात.