परळी वैजनाथाहून घेतलेली रुद्राक्षाची माळ अस्सल आहे का, घरी कसं ओळखायचं?

भिंग घेऊन मण्यावरच्या मुखांच्या रेघा तपासा. पाण्यात टाकून काही कळणार नाही. रुद्राक्ष ही फळातली कोय आहे. तिची प्रत्येक रेघ वरच्या छिद्रापासून खालच्या टोकापर्यंत सलग उतरते आणि साधारणपणे जितक्या रेघा, तितके आत कप्पे असतात. कोरलेली रेघ उथळ असते, मध्येच विरते, कडा नखाला टोचतात. दोन मण्यांचे उंचवटे हुबेहूब सारखे दिसले तर ते साच्यातलं प्लास्टिक समजा. पाण्याची परीक्षा फसवी, कारण चांगला वाळलेला अस्सल मणीही तरंगतो आणि जड लाकडाचा नकली बुडतो. तांब्याच्या दोन नाण्यांमध्ये मणी फिरवून दाखवतात, तेही खरं मानू नका. बोटांच्या दाबाने कुठलाही खडबडीत मणी फिरतो.

तुमची माळ पाचमुखी असेल तर फार काळजी नको. हे मणी मुबलक आणि स्वस्त, त्यामुळे त्यांची नक्कल करण्यात फारसा फायदा नाही. फसवणूक होते ती दुर्मिळ मुखांत. गोल एकमुखी कुणी हजारो रुपयांना देऊ केला, तर पैसे देण्याआधी एक्स-रे मागा, त्यात कप्पे मोजता येतात.