त्या मेजवानीत एकही बाई नाही

कलेतिहासकार मायकेल कॅमिल यांनी मध्ययुगीन चित्रांत समलैंगिक ओढ दाखवली, हे आजचे विचार जुन्या काळाच्या माथी मारणं नाही का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही. का, ते एकाच पानावरून सांगतो.

फ्रान्समधल्या शांतिलीच्या संग्रहालयात फ्रेंच राजघराण्यातला बेरीचा ड्यूक जाँ याची प्रार्थनापोथी आहे. लिंबुर्ग बंधूंनी ती 1411 ते 1416च्या सुमारास रंगवली. तिच्यातल्या दिनदर्शिकेचं जानेवारीचं पान नेटवर सहज सापडतं, ते मोठं करून बघा. निळ्या झग्यातला वयस्क ड्यूक मेजाशी बसलाय. शेकोटीची धग अडवणारा गोल पडदा त्याच्या डोक्यामागे प्रभावळीसारखा दिसतो. दोन पिटुकली कुत्री चक्क मेजावर, ताटांमध्ये फिरताहेत. वर सोनेरी अक्षरांत ‘अप्रोश, अप्रोश’, म्हणजे ‘या, जवळ या’. आणि भोवती सगळे पुरुष. त्यात तंग पायमोज्यांतले नटलेले तरुण.

हे पान राजवैभवाचा नमुना म्हणून आपण कितीदा तरी बघतो. कॅमिल यांनी 2001 मधल्या निबंधात विचारलं, की हे सगळं कुणाच्या नजरेला सुखवायला रंगवलं? पोथी ड्यूकची, नजरही त्याचीच. पायमोजे करणाऱ्या एका नोकरावर या ड्यूकचा फार जीव होता, हे तर त्याच काळातल्या फ्रॉसार या बखरकाराने लिहून ठेवलंय. तरीही कॅमिल त्याच्यावर ‘गे’ असा शिक्का मारून मोकळे होत नाहीत. माणसं, रत्नं, पोथ्या, सगळ्यांचा हव्यास त्याच्यात कसा एकमेकांत मिसळलाय, ते उलगडतात. मला हे फार मोलाचं वाटतं.

नववर्षाच्या भेटी द्यायला पुढे या, इतकाच त्या ‘अप्रोश’चा अर्थ, असंही म्हणता येतं. तेही बरोबरच आहे. एकामुळे दुसरं खोटं ठरत नाही.

अजून एक. जुन्या वाचकांनी काही पोथ्यांतली उघडी अंगं खरवडून, पुसून टाकली आहेत. कॅमिल यांनी त्या पुसलेल्या जागांवरही लिहिलं. ज्याने पुसलं त्याला तिथे काहीतरी दिसलंच होतं ना!

2002 साली, अवघ्या 44व्या वर्षी कॅमिल गेले. वाचायला सुरुवात करणार असाल तर पोथ्यांच्या समासातल्या चित्रांवरचं त्यांचं 1992चं पुस्तक आधी घ्या. ड्यूकवरचा निबंध त्यानंतर, आणि तोही जानेवारीचं पान शेजारी उघडं ठेवून.