मिनी ट्रॅक्टर घेताय? आधी गाळा मोजा

प्रश्न: नमस्कार, साडेतीन एकर रान आहे, त्यात दोन एकर फळबाग, ओळीतलं अंतर 8 फूट, बाकी भाजीपाला. छोटा ट्रॅक्टर घ्यायचाय. मेव्हणा म्हणतो 18 एचपी पुष्कळ झालं, विकणारा म्हणतो 30 च्या खाली बघूच नका. काय करू?

उत्तर: दादा, दोघंही एचपीवर भांडतायत पण तुमच्या बागेत टेप घेऊन कोणी गेलंय का? 8 फुटाचा गाळा म्हणजे 8 फूट मोकळे नसतात, फांद्या दोन्हीकडून आत येतात, आणि हे माप झाडं पानांनी भरलेली असताना घ्यायचं, छाटणीनंतर मोजलं की हमखास फसगत होते. समजा साडेपाच फूट मोकळे निघाले तर ट्रॅक्टर 4 फुटाच्या आसपासच हवा. ओळीच्या टोकाला मागं अवजार उचलून वळता येतंय का तेही बघा.

आता रोटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार. तो चाकांच्या रुंदीइतका तरी पाहिजे नाहीतर चाकाचे पट्टे तसेच दाबलेले राहतात, म्हणजे तुम्हाला 4 फुटी आला. मी फुटाला साधारण 5 एचपी धरतो, जमीन भारी असेल तर जास्तच, आणि हे एचपी पीटीओचे (अवजार फिरवणारा ट्रॅक्टरच्या मागचा दांडा) बरं का, इंजिनचे नाही, पीटीओला नेहमी कमीच मिळतात. म्हणजे पीटीओला 20 पाहिजेत तर इंजिन 24 च्या आसपास. 18 वाला तिथं दम टाकणार, आणि 30 वाला गाळ्यात बसला तर ठीक, बहुतेक बसणार नाही.

डबल क्लच मात्र सोडू नका. सिंगल क्लचला गिअर बदलायला पाय दाबला की पीटीओपण थांबतो, फवारणीचा ब्लोअर चालू असताना हे फार वैताग देतं.

फवारणीची टाकी मागं लटकवणार असाल तर 200 लिटर म्हणजे पाण्याचंच 200 किलो, वर टाकी आणि पंप वेगळा. अवजार उचलणाऱ्या लिफ्टचा कागदावरचा आकडा बऱ्याचदा खालच्या दांड्यांच्या टोकाला मोजलेला असतो, वजन जितकं मागं जाईल तितकी ताकद कमी आणि पुढची चाकं हलकी, मग पुढं वजनं लावावी लागतात.

ओल किंवा चढ असेल तर फोर व्हील ड्राईव्ह घ्या, पण डांबरी रस्त्यावर ते काढून ठेवा, पुढचे टायर उगाच झिजतात.

फांद्या लागतात म्हणून मागची सुरक्षा कमान कापून टाकणारे लोक मी बघितलेत, तसलं काही करू नका! दुमडणारी कमान मिळते, उभी असताना सीटचा पट्टा लावायचा, दुमडलेली असताना नाही, कारण ट्रॅक्टर उलटला तर पट्टा तुम्हाला खालीच धरून ठेवणार.

पैसे द्यायच्या आधी डेमो तुमच्याच बागेत मागा, सगळ्यात अरुंद गाळ्यात, रोटर लावून. मेव्हण्यालाही बोलवा, टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागतंच.