भिंतीला ड्रिल लावण्याआधी कॅमेरे तपासायचेत, बाहेर तात्पुरतं नेटवर्क कसं न्यावं?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: बेसा भागात दुमजली घर, राउटर आत हॉलमध्ये, बाहेर नेटवर्कचा एकही पॉइंट नाही. चार कॅमेरे लावायचेत, पण रंगकाम नुकतंच झालंय, म्हणून कुठून काय दिसतं ते भोकं न पाडता आधी बघायचंय. कॅमेरेवाला म्हणतो, "लावून टाकू ना जी, दिसते सगळं." तुम्हाला ते पटत नाही. बरोबर आहे तुमचं. मी नागपुरात हीच कामं करतो, तरी सांगतो: आधी बघितल्याशिवाय कोणाला ड्रिल लावू देऊ नका.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. तपासणीसाठी घराबाहेर फक्त नेटवर्कची वायर जाईल, २३० व्होल्टची लाइन जाणार नाही. बहुतेक जण उलटं करतात. एक्स्टेन्शन बोर्ड पोर्चपर्यंत ओढतात, त्यात कॅमेऱ्याचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावतात, वर प्लास्टिकची पन्नी गुंडाळतात आणि नेटवर्कसाठी घरातल्या वायफायवर भरवसा ठेवतात. संध्याकाळी अंगणात पाइपाने पाणी मारताना तो बोर्ड भिजतो. शिवाय चित्र अडकलं, तर दोष कॅमेऱ्याचा, अडॅप्टरचा की वायफायचा, हे कळायला मार्ग राहत नाही. ज्या तपासणीतून हे कळत नाही ती करून उपयोग काय?

म्हणून पीओई वापरा, म्हणजे ज्या वायरीतून नेटवर्क जातं त्यातूनच कॅमेऱ्याला वीजही जाते. राउटरशेजारी घरातच एक पीओई इंजेक्टर (एका वायरीत वीज सोडणारा छोटा डबा) किंवा चार पोर्टचा पीओई स्विच (हेच काम चार वायरींसाठी करणारा डबा) ठेवा. राउटरमधून एक छोटी वायर स्विचमध्ये, स्विचमधून लांब वायर बाहेर कॅमेऱ्यापर्यंत. संपलं. वायरीत साधारण ४८ व्होल्ट डीसी असतं. ८०२.३ एएफ हे त्याचं २००३ सालचं मानक. त्यात एका पोर्टमधून १५.४ वॅट निघतात आणि वायरीतली घट धरून कॅमेऱ्यापाशी १२.९५ वॅट मिळतात. साधा बुलेट (लांबट) किंवा डोम (घुमटासारखा) कॅमेरा रात्रीचे आयआर लाइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड दिवे, धरूनही बहुधा यात भागतो. गोल फिरणारा मोठा कॅमेरा असेल तर २००९ चं ८०२.३ एटी मानक लागतं, ३० वॅटचं.

घरात जुन्या इंटरनेटवाल्याचा गच्चीवरच्या अँटेनाचा इंजेक्टर पडला असेल, तर तो यासाठी काढू नका. त्यातले बरेच २४ व्होल्टचे आणि न विचारता वीज सोडणारे असतात. मानकाप्रमाणे बनलेला स्विच आधी अगदी कमी व्होल्टेज सोडून समोरच्या उपकरणात ठरलेला २५ किलोओहमचा रेझिस्टर आहे का ते पाहतो, आणि तो सापडला तरच पूर्ण वीज देतो. त्यामुळे चुकून त्यात लॅपटॉप जोडला तरी काही बिघडत नाही. न विचारणाऱ्या इंजेक्टरवर असा भरवसा ठेवता येत नाही.

कोटेशनमध्ये रेकॉर्डिंगच्या डब्याचं नाव "डीव्हीआर" लिहिलंय की "एनव्हीआर", तेही बघून घ्या. एनव्हीआर म्हणजे नेटवर्कच्या वायरीवर चालणाऱ्या, आयपी कॅमेऱ्यांचा. डीव्हीआर असेल तर ते कॅमेरे कोअॅक्स केबलचे (टीव्हीच्या केबलसारख्या गोल वायरीचे) आहेत, त्यांना नेटवर्कची वायर लागतच नाही. तरी जागा ठरवायला ही युक्ती चालते. तेवढ्याच मेगापिक्सलचा आणि तेवढ्याच लेन्सचा एक आयपी कॅमेरा कॅमेरेवाल्याकडून दोन-तीन दिवसांसाठी मागून घ्या. चारही कॅमेरे एकदम टांगायची काही गरज नाही. एकच कॅमेरा आणि एकच वायर कोपऱ्या-कोपऱ्यात फिरवा.

आता वायर. सीताबर्डीच्या बाजारात मोदी नंबरच्या गल्ल्यांत कॅट सिक्स ही नेटवर्कची वायर मीटरवर कापून मिळते, दोन्ही टोकांना कनेक्टर क्रिंप करूनही (दाबून बसवूनही) देतात. तुमच्या घराला तीस-चाळीस मीटर पुष्कळ झाली. तांब्याच्या वायरीवर नेटवर्कची मर्यादा १०० मीटर आहे, तिच्या जवळपासही तुम्ही जात नाही. पण दुकानात तार ब्लेडने खरवडून बघा. आतून चांदीसारखी पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार. तिचा रोध जास्त, आणि दोनदा वाकवली की तुटते. तिची गंमत अशी की दिवसा कॅमेरा झकास चालतो. अंधार पडला, आयआर लाइट लागले, करंट वाढला की टोकाला व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा बंद-चालू, बंद-चालू करत बसतो. मग कॅमेरा खराब म्हणून बदलून आणतात, आणि नवाही तेच करतो.

वायर घराबाहेर काढायची कुठून? उन्हाळा असेल तर अर्ध्या नागपूरच्या खिडक्यांत कूलर बसलेले असतात, आणि त्याच्या बाजूच्या फटीला प्लायवूड किंवा थर्माकोल लावलेलं असतं. तिथून वायर आरामात निघते. फक्त ती कूलरच्या लोखंडी बॉडीला टेकू देऊ नका आणि कुठलाही जोड त्या ओल्या भागात ठेवू नका. कूलरमध्ये करंट उतरून माणसं दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात. कूलर नसेल तर स्लायडिंग खिडकीच्या कोपऱ्यातून चपटी केबल काढा, आणि काच वायरीवर दाबली जाणार नाही इतका पुठ्ठ्याचा तुकडा मध्ये घाला. दारातून नका काढू, दिवसभरात कोणाचा तरी पाय अडकतोच.

बाहेरच्या टोकाला कॅमेऱ्याची शेपटी (त्यातून निघालेली आखूड वायर) आणि तुमचा कनेक्टर जिथे जुळतात, ती जागा कच्ची. कॅमेऱ्यासोबत वॉटरप्रूफ टोपी मिळते, ती लावा. टोपी हरवली असेल तर पाण्याची बाटली अर्धी कापून जोडावर उलटी टांगा, खालची बाजू उघडी ठेवून. काळ्या टेपने घट्ट गुंडाळू नका, आत शिरलेलं पाणी मग बाहेर निघत नाही. खिडकीत शिरण्याआधी वायरीला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत घरात येण्याऐवजी झोलातून खाली गळेल.

कॅमेरा टांगायला रंगाची रिकामी वीस लिटरची बादली घ्या, तीत रेती किंवा गिट्टी भरा आणि बांबू उभा करा. अडीच ते तीन मीटर उंचीवर केबल टायने कॅमेरा बांधा. वारा सुटला की हलतो, पण कोन ठरवायला एवढं पुरतं. वरच्या मजल्यावर ग्रीलला बांधला तरी चालेल. वानरं येत असतील तर लोंबणारं टोक उघडं ठेवू नका, ती ते ओढतातच.

एवढं झालं की खरं काम सुरू होतं, आणि ते दिवसा होत नाही. दिवसा कुठलाही कॅमेरा चांगलाच दिसतो. अंधार पडल्यावर गेटपासून दारापर्यंत घरातल्या कोणाला तरी भरभर चालायला सांगा, आणि लाइव्ह न बघता रेकॉर्डिंग बघा. चेहरा पुसल्यासारखा दिसतो का? छज्जा किंवा पांढरी भिंत लेन्सच्या अगदी जवळ असेल तर आयआरचा उजेड तिथून परत येऊन सगळं चित्र धुरकट होतं. बांबू एक वीत पुढे सरकवला की फरक कळेल. गाडी हेडलाइट लावून गेटसमोर उभी करा, नंबर वाचता येतो का बघा. बहुधा येणार नाही, आणि हे आत्ताच कळलेलं बरं.

अंतराचा हिशोबही सांगतो, कारण विकणारा तो सांगत नाही. आयईसी ६२६७६-४ या कॅमेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखायला मीटरमागे २५० पिक्सल (चित्राचे ठिपके) धरले होते, आधी पाहिलेला माणूस ओळखायला १२५. चार मेगापिक्सलच्या कॅमेऱ्यात आडवे २५६० पिक्सल असतात, म्हणजे चित्राची रुंदी दहा मीटरच्या आत असली तरच चेहरा. २.८ मिलिमीटरच्या लेन्सचा कोन साधारण १०० अंशांचा, त्यात ही रुंदी कॅमेऱ्यापासून चार-सव्वाचार मीटरवरच संपते. सहा मिलिमीटरची लेन्स घेतली तर दहा-अकरा मीटरपर्यंत जाता येतं, पण बाजूचं अंगण सुटतं. म्हणून गेटसाठी वेगळी लेन्स आणि अंगणासाठी वेगळी. चारही कॅमेरे २.८ चे लावून देण्यात कॅमेरेवाल्याची सोय असते, तुमची नाही.

नेटवर्क तपासायला लॅपटॉपवर कॅमेऱ्याच्या आयपीला (नेटवर्कवरच्या पत्त्याला) पिंग लावा, म्हणजे लॅपटॉप पुन्हा पुन्हा हाक मारून उत्तर येतं का बघतो, आणि ते रात्रभर चालू ठेवा. सकाळी लॉस (उत्तर न आलेल्या हाका) शून्य असायला हवा. वायरीवर एखादा टक्का जरी दिसला तर कनेक्टर पुन्हा क्रिंप करून घ्या. पहिल्यांदा जोडताच पासवर्ड बदला, "दोनच दिवस तर आहे" म्हणून सोडू नका. २०१६ साली मिराय नावाच्या मालवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरूनच जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगही (इंटरनेटवरून थेट कॅमेऱ्यापर्यंत येणारी वाट) उघडू नका.

तुम्ही विचारलंय, राउटरच्या ऐवजी मोबाइलचा हॉटस्पॉट चालेल का. रेकॉर्डिंग घरातल्या घरात होणार असेल तर इंटरनेट लागतच नाही, स्विच, लॅपटॉप आणि कॅमेरा एवढ्यावर भागतं. बाहेरून मोबाइलवर बघायचं असेल तर हिशोब करा: मुख्य स्ट्रीम (पूर्ण दर्जाचं चित्र) ४ एमबीपीएसची धरली तर दिवसाचा दीड जीबी डेटा पन्नास मिनिटांत उडतो. बघायचंच असेल तर सब-स्ट्रीमवर, म्हणजे कॅमेऱ्याच्याच हलक्या, कमी दर्जाच्या चित्रावर बघा.

आणि कॅमेरा फक्त वायफायचाच असेल तर? पाच व्होल्टवर चालणारा असेल तर पॉवर बँकेवर लावून बघा, बाहेर लाइन न्यायचा नियम तिथेही मोडत नाही. १२ व्होल्टचा असेल तर साध्या पॉवर बँकेवर चालणार नाही. माझं मत विचाराल तर भिंतीबाहेरच्या पक्क्या कामाला वायफाय कॅमेरा घेऊच नका.

मे-जूनमध्ये हे करत असाल तर आभाळ भरून आलं की दोन्ही टोकं काढा, राउटरकडचं आधी. आपल्याकडे मृगाच्या आधी कडकडाट फार. वीज घरावरच पडावी लागत नाही, जवळपास पडली तरी बाहेरच्या लांब वायरीत उसळी येते आणि स्विच, राउटर, कधी टीव्हीही घेऊन जाते. याच कारणाने ही वायर शेजारच्या किंवा मागच्या दुसऱ्या बांधकामावर नेऊ नका. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं, तिथे फायबर (वीज न वाहणारी काचेची तार) टाकतात.

जागा ठरली की बांबू तिथेच असताना टेपने जमिनीपासून आणि कोपऱ्यापासूनची मापं घ्या, भिंतीवर पेन्सिलने खूण करा आणि त्या जागेवरून दिसणाऱ्या रात्रीच्या चित्राचा स्क्रीनशॉट कॅमेरेवाल्याला पाठवा. पक्क्या कामाला ही वायर वापरू देऊ नका. करडी पीव्हीसीची असेल तर उन्हात तिचं आवरण तडकतं. बाहेरच्या कामाला काळ्या आवरणाची आउटडोअर केबल कन्ड्युटमधून (वायरिंगच्या पाइपमधून) टाकायला सांगा, आणि कोटेशनमध्ये "प्युअर कॉपर" हे शब्द लिहून घ्या.