पॅकेजमध्ये नसलेली पानं उडाली कशी?

प्रश्न : मी एका बँकेच्या वेबसाइटच्या टीममध्ये आहे. साइट अडोबी एक्सपीरियन्स मॅनेजर ६.५ (वेबसाइटचा मजकूर सांभाळणारी प्रणाली) वर आहे. ठेवींच्या व्याजदरांच्या पानांचं पॅकेज (मजकुराची झिप फाइल) यूएटीवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, बनवून प्रॉडक्शनच्या ऑथरवर (खऱ्या साइटची पानं जिथे लिहितात त्या सर्व्हरवर) टाकलं, तर मार्केटिंगवाल्यांनी थेट तिथेच केलेली नवी पानं गायब झाली. पॅकेजमध्ये ती नव्हतीच, मग उडाली कशी? टाकण्याआधी दोन्हीकडचा मजकूर ताडून बघता येतो का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पॅकेजमध्ये नव्हती, म्हणूनच उडाली. पण आधी पानं परत आणा. इन्स्टॉल करताना पॅकेज मॅनेजर जुन्या मजकुराचा स्नॅपशॉट घेऊन ठेवतो. त्यामुळे ते पॅकेज अनइन्स्टॉल केलंत की पानं परत येतील. मात्र मधल्या काळात कोणी त्याच पाथखाली (साइटमधल्या त्याच जागेखाली) काही बदललं असेल तर तेही पुसलं जाईल. म्हणून आत्ता जसं आहे तसं एक पॅकेज आधी उतरवून घ्या.

आता कारण. झिपमध्ये फिल्टर डॉट एक्सएमएल नावाची फाइल असते. पॅकेज कोणत्या पाथसाठी आहे ते तिच्यात लिहिलेलं असतं. तिच्यात मोड (मजकूर कसा टाकायचा ती पद्धत) लिहिला नाही तर 'रिप्लेस' धरला जातो, म्हणजे त्या पाथखाली पॅकेजमध्ये आहे तेवढंच राहतं, बाकी सगळं जातं. 'मर्ज' लिहिलं तर असलेल्याला हात लागत नाही, फक्त नवीन भर पडते.

ताडून बघायला अडोबीचीच 'रेपो' ही छोटी कमांड लाइन स्क्रिप्ट आहे. यूएटीचा मजकूर मशीनवर उतरवा, सर्व्हर म्हणून प्रॉडक्शन द्या आणि 'रेपो एसटी' चालवा. ज्या फाइलपुढे 'डी' दिसेल ती तिकडे आहे आणि तुमच्याकडे नाही. तुमच्या बाबतीत नेमकी तीच पानं तिथे दिसली असती. 'रेपो डिफ' ओळीओळीचा फरक दाखवतं. त्यात शेवटचा बदल कधी, कोणी केला असल्या ओळींचा कचरा फार येतो. तो नजरेआड करायची सवय करावीच लागते. प्रॉडक्शनचा पासवर्ड तुम्हाला देत नसतील (देऊही नये!), तर अॅडमिनकडून तिथलं पॅकेज मागवा, दोन्ही झिप उघडा आणि 'गिट डिफ' किंवा बियाँड कम्पेअर या फरक दाखवणाऱ्या साधनाने ताडा.

माझं मत विचाराल तर यूएटीवरून मजकूर वर चढवूच नये. कोड वर जावा, मजकूर प्रॉडक्शनवरून खाली यावा. पानं ज्यांची, त्यांनी ती प्रॉडक्शनच्या ऑथरवरच करावीत. अडोबीच्या क्लाउड आवृत्तीत 'अॅप्स' या फोल्डरखालचा कोड चालू सर्व्हरवर बदलताच येत नाही आणि मजकूर वेगळा ठेवलेला असतो. ही शिस्त तुम्ही ६.५ वरही पाळू शकता.

तरीही एखादं पान न्यावंच लागलं, तर फिल्टरमध्ये पानाचा पाथ देऊ नका. त्यात पोटपानंही येतात. पाथ 'जेसीआर:कन्टेन्ट'पर्यंत (पानाचा स्वतःचा मजकूर जिथे असतो तिथपर्यंत) द्या, म्हणजे त्या एका पानाचाच मजकूर बदलेल.