गावचं जुनं मातीचं घर लांब राहून दुरुस्त करून घेता येतं का?

घेता येतं भाऊ. पण तुम्ही लिहिलंय की तुम्ही पुण्यात, घर उमरेडकडे, आणि गावातला चुलतभाऊ "मी लक्ष ठेवतो, रोज फोटो पाठवतो" म्हणतो, तर त्या फोटोंच्या भरवशावर ठेकेदाराला एक रुपया सोडू नका. खर्चाचं नंतर सांगते.

आमचं घर ब्रह्मपुरीकडच्या खेड्यात, हातभर जाड मातीच्या भिंती, सागवानाचे खांब अन् मयाली, म्हणजे आडवे वासे, वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. मी नागपूरला, नोकरी आहे, घरी सासूबाई अंथरुणावर, म्हणजे उठसूट सव्वाशे किलोमीटर जाणं शक्यच नव्हतं, बहुतेक काम मोबाईलवरच पाहिलं. बाबा गेल्यापासून मोठे बाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, आणि त्यांचा मुलगा एकच घोकत होते, पाडा अन् स्लॅब टाका, मातीत पैसा घालून काय होते, आणि वरून तुझं तर लग्न झालं, तुला घराचं काय करायचं. मी ऐकलं नाही. ठेकेदाराला स्पष्ट सांगितलं होतं की भिंतीला सिमेंट लावायचं नाही, माती-तणसाचा गिलावा करायचा अन् वरून चुना. तो "हो जी, हो जी" म्हणाला. त्या चुलतभावाकडून फोटो यायचे ते समोरच्या सपरीचे, म्हणजे पडवीचे, पांढरीशुभ्र, फॅमिली ग्रुपवर सगळे अंगठे दाखवायचे.

मग शेजारच्या काकूंचा फोन आला, "पोरी, तुमची मांगची भित ओली होऊन राहिली वो." फेब्रुवारीत! पाऊस नाही, पाणी नाही. त्यांच्या नातवाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला, तो सांदवाडीतून मागच्या अंगाला मोबाईल घेऊन गेला तर काय, खालून कमरेपर्यंत करडं सिमेंट प्लास्टर, आणि ते जिथं संपते त्याच्या बरोबर वर ओलीची काळपट रेघ, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.

मातीची भिंत जमिनीतली ओल वर खेचते आणि पृष्ठभागावरून वाळत राहते. चुन्यातून ती ओल निघून जाते, सिमेंट तिची वाट अडवते, मग ती वर चढते नाहीतर आतच साचते. त्या रविवारी गेले, मिस्त्रीला समोर उभं राहून प्लास्टर काढायला लावलं. अख्खेच्या अख्खे पापुद्रे निघाले आणि त्यांच्या पाठीला भिंतीची दोन बोटं माती चिकटून आली, हातात घेतली तर लाडू वळावा इतकी ओली. एक पावसाळा असाच गेला असता तर भिंत बसली असती आणि मोठे बाबा मोकळे झाले असते, आम्ही सांगितलं होतं म्हणायला. ठेकेदाराला विचारलं तर म्हणे तुमच्या भावानंच सांगितलं, मजबुती येते म्हणून. त्या चुलतभावाला घर नकोच होतं, जागा पाहिजे होती. ज्याला ते घर राहायला नको आहे त्याच्या हातातल्या मोबाईलमधून तुम्हाला काय दिसणार?

नंतर काकूंच्या नातवालाच महिन्याचे पैसे ठरवून दिले. तुकड्यातुकड्यांचे फोटो नाही, एकच सलग व्हिडिओ, रोज त्याच वाटेनं, मागच्या अंगापासून सुरू, आणि कालवलेला माल अन् पोत्यांचा ढीग जवळून. मयाली उतरवण्याआधी प्रत्येकीवर पेंटनं नंबर टाकून घ्या, जुन्या सागवानाला चांगला भाव येतो आणि "उधई लागली होती" म्हणून गायब करणारे लोक कमी नाहीत. आमच्याकडे रोवणीत आणि धान कापणीत माणूस मिळत नाही, म्हणून काम जानेवारीत काढायचं आणि कवेलू फेरणं मिरगाच्या आत संपवायचं. खर्च म्हणाल तर अशा कामात सामानापेक्षा मजुरीच जास्त जाते, आकडा भिंती पाहिल्याशिवाय कोणी सांगत असेल तर तो अंदाजपंचे सांगून राहिला.

स्लॅबवाल्यांनी मला शिकवू नये. त्याच चुलतभावानं बाजूला स्लॅबचं घर बांधलंय, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, दुपारी त्याचीच पोरं आमच्या माजघरात येऊन झोपतात. येऊ देते, लेकरांचा काय दोष. पण घर माझं नाही हे ऐकून घेणार नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं दिलाय, आणि २००५ मध्ये वडील हयात असायलाच पाहिजे असं नाही हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. तुम्हाला बहीण असेल तर पैसा घालण्याआधी तिला विचारा, चुलतभावाला नंतर.

एक मात्र, भिंत फुगली असेल किंवा आरपार भेग असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर दाखवा, आणि काळ्या जमिनीवर पाया हलत असेल तर चुना काही करणार नाही. आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घराच्या कर आकारणीचा उतारा, काढून घ्या, स्वामित्व योजनेत गावठाणाचा ड्रोन सर्व्हे झाला असेल तर प्रॉपर्टी कार्डही, त्यावर नाव कोणाचं चढलंय ते ठेकेदाराला ॲडव्हान्स देण्याच्या आधी बघा.